वरच्या मजल्यावरचं कांडण

सावेडी, नगर
ता. ४ एप्रिल १९९४

ती. दादास,
स. जयभीम. वि. वि.

जयंती झाली की आई इकडे येणार हे तुझ्या पत्रात वाचून मी नाचलेच, आणि तेवढ्यात वरून धप्प! आमच्या डोक्यावर राहणाऱ्या मुमताजभाभींनी उखळात मिरच्या कांडायला घेतल्यात. त्यांच्या लेकीचं, उझ्माचं लग्न आहे. चक्कीवर मसाला जळतो, म्हणून तिखट हातानेच कुटायचं हा त्यांचा हट्ट. दुपारभर आमचा पंखा हलतो. काल ह्यांनी वैतागून काठीने छत ठोकलं. भाभींना वाटलं, वासाने भूक लागली. त्यांनी वाटीभर रस्सा पाठवला! आता भांडायचं कसं?

गेल्या खेपेला आई तिसऱ्याच दिवशी सोनईला पळाली. या आवाजाने तर दुसऱ्याच दिवशी जाईल. मला तिला कायमची ठेवून घ्यायची आहे. मार्चमध्ये ती तापाने फणफणत घरात एकटी पडली होती आणि आपल्याला नंतर कळलं, ते मनातून जात नाही. काय करू?

वहिनींना जयभीम. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
भारती

भंडारदरा
ता. ९ एप्रिल १९९४

चि. सौ. भारतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी पोट धरून हसली. छत ठोकून रस्सा मिळत असेल तर सम्राटरावांना म्हणावं, रोज ठोका. पण थट्टा पुरे. इथे आमच्या क्वार्टरला एकच खोली. आई तुझ्याकडे टिकली नाही, तर सोनईत पुन्हा एकटीच. तेव्हा वर जा, हात जोड आणि आई रुळेपर्यंत कांडण थांबवायला सांग. गोड बोलून काम साधणं तुला शिकवायला नको. लहानपणी माझ्या वाटचा गूळ अशीच लाटायचीस.

सर्वांना जयभीम. खुशाली कळवायला आळस नको.
तुझा दादा,
संदीप

सावेडी, नगर
ता. २८ एप्रिल १९९४

ती. दादास,
स. जयभीम. वि. वि.

भाभींनी लगेच ऐकलं. घर अगदी चिडीचूप. आई आली आणि दिवसभर दाराकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी, हितं मानसं ऱ्हात्यात का न्हाई, असं विचारून तिने पिशवी भरायला घेतली.

तेवढ्यात वर धप्प! लग्न तोंडावर आलेलं, भाभी तरी किती थांबणार? आईने मान वर केली. कोन कांडतंय, आन् येकटीच का कांडतीय, असं मलाच दरडावलं आणि पदर खोचून जिना चढली. थोड्या वेळाने वरून दोन मुसळांचा आवाज यायला लागला, आळीपाळीने.

आता ती रोज दुपारी वरच असते. परवा ह्यांनी सवयीने छत ठोकलं, तर आईने वरून दुप्पट जोराने उत्तर दिलं. जावयाला! जेवताना उझ्माच्या सासरची उणीदुणी आम्हाला ऐकवते. माझं डोकं ठणकतं, पण हसू आवरत नाही.

भाभींचं मुसळ तिला हलकं पडतंय म्हणे. तू येशील तेव्हा सोनईच्या घरातलं तिचं मुसळ घेऊन ये, असा निरोप आहे. दादा, तिने स्वतःचं मुसळ मागवलंय! मी मोरीत जाऊन आनंदाने रडून घेतलं. जड असलं तरी आण. कानात घालायला कापूस आम्ही इथे घेऊ.

वहिनींना जयभीम. आहे तशीच माया असू दे.
तुझी,
भारती