चादरीची दुसरी टोकं

४ सप्टेंबर

चि. भोपूस,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, फक्त उजवा खांदा रुसलाय. हे पत्र माझी कारकूनबाई, म्हणजे तुझी बायको, लिहिते आहे. लाँड्री आवरून बसली आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर तिला बोल. मला अक्षरओळख नाही, त्यामुळे माझी चूक कधीच नसते.

फौजेतून सुटलास, घरी चार दिवस टेकलास, आणि शहरात जाऊन नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सीवाल्यांच्या दारात बसलास. नोकरी एकाची, माणूस दुसऱ्याचा, आणि हे मधल्यामध्ये खुर्ची टाकून बसलेले. ते कंपनीच्या बाजूचे की तुझ्या, एवढं विचारून घे.

तुझ्या अर्जाची नक्कल हिनं वाचून दाखवली. त्यात नेतृत्व आहे, शिस्त आहे, दडपणाखाली निर्णय आहेत. बाबा रे, हा माणूस कोण? इतकी वर्षं तू पॅराशूटच्या घड्या घातल्यास, त्या कुठे गेल्या? लाजलास होय? घडी मी शिकवली तुला, याच लाँड्रीत, चादरीची दोन टोकं हातात देऊन. चादर जमिनीला लागली की तुझा भोंगा सुरू व्हायचा. भोपू नाव उगाच नाही पडलं. कारकूनबाई हसते आहे. हसणं कागदावर उमटत नाही, म्हणून कळवते.

परदेशात पहाऱ्याच्या कामाचं बोलणं चाललंय म्हणतोस. त्यावर मी काही बोलत नाही. बोलले तर ऐकशील, अशी भीती वाटते.

लोभ आहेच. तो शिळा व्हायच्या आत पत्र टाक.

तुझी आजी

ता. क. परदेशातील काम मिळाल्यास निःसंकोच जावे. आमची काळजी नसावी.


१० सप्टेंबर

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. सायकलच्या दुकानावर खोली मिळाली आहे. खिडकी उघडली की समोर भिंत, पण भिंत स्वच्छ आहे.

पहिल्या एजन्सीत बाकावर आम्ही सगळे फौजेतलेच होतो. ताठ पाठी बघून तू हसली असतीस. तिथला माणूस फार विचारत नाही. फौजी म्हटलं की पहारा. परदेशात तेलाच्या डेपोचं फाटक, तीन वर्षं, पगार भरपूर.

दुसऱ्या एजन्सीतल्या बाईंनी माझा अर्ज पालथा ठेवला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करायचास ते सांग म्हणाल्या. मी सांगायला लागलो, आम्ही असं करायचो, आम्ही तसं करायचो. त्यांनी विचारलं, की या खुर्चीवर किती जण बसला आहात. मग अडखळत ‘मी’वर आलो. लांब टेबल, कापड, दोऱ्या, घड्या. आणि आमचा नियम सांगितला. साहेब अचानक कुठल्याही पॅराशूटवर बोट ठेवायचे. ज्यानं ते बांधलं असेल त्यानंच ते पाठीला लावून उडी मारायची. बाईंचं पेन थांबलं. अपघातात गाडीत फुगणाऱ्या पिशव्या बनवणारा एक कारखाना आहे म्हणाल्या, आपल्या घरापासून बसनं तासाभरावर. पगार परदेशाच्या निम्मासुद्धा नाही. हातकाम बघायला बोलावतील.

पण आजी, तू निःसंकोच जा म्हणालीस. तुझ्या तोंडून ते आलं म्हणजे घरच्यांनाही तेच हवं असणार. हिला विचारावं तर तुम्ही ठरवाल ते, एवढंच म्हणते. वीस तारखेला परदेशाला होकार कळवतो.

खांदा शेकत जा. कृपा असू दे.

तुझा भोपू


१४ सप्टेंबर

चि. भोपूस,

आशीर्वाद, पण आज थोडे रागावलेले.

कारकूनबाईनं तुझं पत्र पिशव्यांच्या कारखान्यापर्यंत झकास वाचलं. त्या ‘निःसंकोच’पाशी आल्यावर गाडी थांबली. चष्मा पुसायला लागली. चष्मा माझा होता. मग काहीतरी भलतंच घाईघाईनं वाचून गेली. पण मला वाचता येत नसलं तरी ऐकू येतं. पुन्हा वाच म्हटलं.

भोप्या, हा शब्द माझ्या तोंडून कधी ऐकलास? माझ्या तोंडात मावतो तरी का? आणि काळजी नसावी? मला माझी काळजी केलेली फार आवडते, गल्लीत कुणालाही विचार. ते वाक्य मी सांगितलंच नव्हतं. का लिहिलंस विचारलं, तर म्हणाली, की तिच्यापायी तुझं पाऊल अडायला नको. स्वतःच्या नावानं जा म्हणायला हात धजेना, म्हणून माझ्या नावानं. हेही तिच्याचकडून लिहवून घेते आहे. कान लाल झालेत.

तुझ्या साहेबांचा नियम मला पटला. आपण बांधलेलं आपल्याच पाठीला. तुम्ही दोघं मात्र माझं पॅराशूट लावून उड्या मारताय. माझं वय तरी बघा!

आता मी पायरीवर जाऊन बसते. खालचं ती लिहील. मला वाचता येत नाही, याचा जन्मात पहिल्यांदा कुणाला उपयोग होतोय.

लोभ दोघांवर सारखाच.

आजी

अहो,

आजी खरंच बाहेर गेल्या आहेत. पाठ दारातून दिसते, कान मात्र इकडे आहे. गेस्टहाऊसच्या चादरी रोज येतात. आजींचा हात वर जात नाही, म्हणून मी एक बाजू दाराच्या कडीला अडकवते आणि दुसरी धरून घडी घालते. कडी घट्ट धरते, तक्रार नाही. पण माणसासारखी ती चार पावलं पुढे येत नाही.

नका जाऊ.


२० सप्टेंबर

सौ. कारकूनबाईस,

आज नकार कळवून आलो. बाईंनी सांगितलेल्या कारखान्यात काल हातकाम दाखवून झालं. त्यांनी एक पिशवी दिली, मी घडी घातली, त्यांनी यंत्राला लावून फुगवली. बार असा झाला की मीच दचकलो, पण पिशवी सरळ उघडली. सोमवारपासून या म्हणाले. घडी कुठे शिकलास विचारलं, तर फौज सांगायच्या ऐवजी तोंडातून आजी गेलं. खांद्याला तेल लाव म्हणावं तिला.

इथपर्यंत आजीला वाचून दाखव. पुढचं मनात वाच.

कडीवरची चादर काढून ठेव. मी पुढे येतो आहे.

तुझाच