कोणाचीच नाहीत

१९ ऑगस्ट १९६२

वर डोंगरात जाऊन आले! मावशीबरोबर. चिलगोज्याची झाडं लगडलीत, हिरव्या बोंडांनी फांद्या वाकल्यात. गेल्या साली बारीक बोंडं दिसली तेव्हाच मावशी म्हणाली होती, पुढच्या सालचा हिवाळा पोटभर. आईचा पाटा झाडाखाली ठेवला तसाच पालथा. पालथा पाटा म्हणजे ही माणसं परत येणार आहेत – त्याला कुणी हात लावत नाही.

एलवुड आला नाही. धाकटा भाऊ आता गोऱ्यांच्या सरकारी कुरण खात्यात दुभाष्या! साहेबाचं इंग्रजी आमच्या म्हाताऱ्यांना सांगायचं, म्हाताऱ्यांचं साहेबाला. पायात नवे बूट. म्हणे पाठ दुखते. मावशी हसली. "चढण आली की ह्याची पाठ दुखते. दोन ससे धरून दहा सांगणारा तो! खरं बोलला तर जीभ सुजेल त्याची."

२ सप्टेंबर

एलवुड ट्रकमधून पाटा घेऊन आला! आईचा पाटा, वरचा. "ताई, तुझी कंबर बघवत नाही. यंदा घरीच वाट."

खूप बोलले त्याला. पाटा खाली आणतात का कधी? आजीच्याही आजीने तो तिथेच ठेवलेला. पण खरं सांगायचं तर आतून बरं वाटलं. मेल्याला माझी कंबर आठवली! गेल्या सालच्या चिलगोज्यांची पेज केली, दोन वाट्या प्यायला. सारा वेळ वाटीतच बघत होता.

८ सप्टेंबर

डोंगरातून घरघर येते. एलवुड म्हणतो रस्ता करतायत. रस्ता! कुठे जायला?

११ सप्टेंबर

ओढ्यालगतची रानगुलाबाची फळं लाल झाली. म्हणजे वर बोंडं तयार. बोंडं ओढायच्या आकड्या काढल्या, टोपल्या झटकल्या. मावशी लहान मुलीसारखी सारखी दारात जाऊन बघते. उद्या निघायचं.

१२ सप्टेंबर

एकही झाड उभं नाही.

१४ सप्टेंबर

आज लिहिता येतंय.

दोन ट्रॅक्टर, मध्ये मांडीएवढी जाड साखळी. दोघांनी ओढत नेली की मधलं सगळं आडवं. मुळं वर, बोंडं मातीत. बोंडं भरलेली होती! सगळीकडे राळेचा वास, आमच्या हातांना दर साली येतो तोच. आता तिथे गाईंसाठी गवत पेरणार.

मावशी रडली नाही. आडव्या झाडांत शिरली आणि बोंडं गोळा करू लागली. पहिली मूठ मातीला दिली. मला म्हणाली, "पडली म्हणून काय झालं? आभार मानल्याशिवाय घेऊ नकोस."

मी मुकादमाकडे गेले. त्याच्या अंगावर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमच्या माणसांना विचारूनच केलंय. झाडं कोणाची, विचारलं. कोणाचीच नाहीत, असं उत्तर आलं. तुमच्याच दुभाष्याने सांगितलं की."

एलवुड!

आणि मग पाटा आठवला. त्याला ठाऊक होतं. आधी पाटा उचलला, मग माझ्या चुलीपाशी बसून माझ्या हातची पेज प्यायला. कंबरेचं निमित्त! परका असता तर एवढं लागलं नसतं.

१५ सप्टेंबर

त्याच्या घरी गेले. आत गेले नाही.

"कोणाचीच नाहीत – असं तू म्हणालास साहेबाला?"

"म्हणालो."

"ह्या बुटांसाठी?"

तो बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, मावशीला सांगू नकोस."

"लाज वाटते?"

"तिला सांगू नकोस, एवढंच."

म्हटलं, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. आई असती तर तिनेही टाकू दिलं नसतं. "बरं," म्हणाला. भांडलासुद्धा नाही! भांडला असता तर मला जरा हलकं वाटलं असतं.

२३ सप्टेंबर

एलवुडने नोकरी सोडली म्हणे. पलीकडच्या खोऱ्यात कुणाच्या तरी गुरांमागे गेलाय. बरं झालं.

मावशी विचारते, तो का येत नाही. मी म्हणते, काम असेल.

१८ नोव्हेंबर

सशांचा हाकारा झाला. सगळी खोऱ्यातली माणसं जमली, झुडपं झोडपत ससे जाळ्याकडे हाकले. जाळ्याचं आमचं टोक दरवेळी एलवुड धरतो. ह्या वेळी शेजाऱ्याने धरलं. ससे पुष्कळ मिळाले. दोन धरून दहा सांगणारं मात्र कुणी नव्हतं, कुणी फारसं हसलंही नाही.

माझा राग गेलेला नाही. जाणारही नाही.

२ डिसेंबर

बर्फ. मावशी नि मी त्या आडव्या झाडांचे चिलगोजे सोलत बसलो होतो. ती आपली सहज बोलत होती. "वसंतात एलवुडबरोबर एक साहेब आला होता माझ्याकडे. भला माणूस, टोपी काढून बसला. विचारलं, वरची झाडं कोणाची? मी म्हटलं, कोणाचीच नाहीत. आपण येतो, आभार मानतो, खातो, जातो. दुसरं काय सांगणार? एलवुडने शब्दाला शब्द सांगितलं हो त्याला, तेवढं इंग्रजी मला कळतं. गुणाचं पोर! कधी येणार गं तो?"

मी सोलत राहिले. तिला काही सांगितलं नाही. कधीच सांगणार नाही.

३ डिसेंबर

जन्मभर खोटं बोललास रे. त्या एका दिवशी का नाही बोललास!