शिंपीणबाईंकडे उसवलेला कोट

प्रिय आत्या,

इथे परदेशात आल्यावर तुझे फोन उचलत नव्हते, तेव्हा मी नंतर सांगायचे तसं लेक्चर वगैरे काही नसायचं. तुझा आवाज ऐकून रडू फुटेल, म्हणून फोन उशीखाली सारून बसायचे. विद्यापीठातली मंडळी चांगली आहेत गं, पण तीन आठवडे मी 'थँक यू' आणि 'सॉरी'पलीकडे कुणाशी बोललेच नव्हते.

मग एकदा कोटाचं अस्तर उसवलं, म्हणून कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे गेले. त्या मशीनवर वाकल्या होत्या, ओठांत टाचण्या धरून, अगदी तुझ्यासारख्या. मी तिथेच स्टुलावर बसून हमसाहमशी रडले.

बाई गडबडल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "अगं, अस्तरच उसवलंय ना?"

"घरी माझी आत्या शिवते," एवढंच कसंबसं म्हणाले.

त्यांनी सुईदोरा माझ्या हातात दिला. "मग तूच शिव. बघू, आत्यानं काय शिकवलंय."

शिवून झाल्यावर त्यांनी टाके निरखले. "बारीक आहेत. आत्या कडक दिसते."

किती दिवसांनी हसले मी! आता दर शनिवारी त्यांच्याकडे बटणं लावायला जाते.

काल विद्यापीठानं विचारलं, आणखी सहा महिने राहणार का? तू घरात एकटी आहेस हे ठाऊक असूनही मी हो म्हणाले. ते तुला उद्या फोनवर सांगेन. हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही. माझं रडणं वाचून तू "ये परत" म्हणशील, आणि मी खरंच येईन.

तुझी,
भाची