आवाज करणारीच स्कूटर घ्या

आरोहीच्या पप्पांना आरोहीच्या आईचा निरगुडसरहून नमस्कार.

फोनवर माझं बोलणं अर्ध्यात तोडता, म्हणून लिहितेय. मला न विचारता आळेफाट्याला जाऊन चार्जिंगची स्कूटर पसंत केलीच कशी? म्हणे, अजिबात आवाज न्हाई! अहो, पोरगी क्लासवरून दिवेलागणीला उसातल्या वाटेनं येणार. कुणी येतंय ते बिबट्याला कळणार कसं?

माझी भाची कल्याणी बघा. रोज तिन्हीसांजेला डेअरीत दूध घालाय जाती. तिची पेट्रोलची स्कूटर अशी तडतडती की कुठल्या वळणावर आली ते मला घरात बसून कळतं. त्यात हॉर्न मारती आन् मोठ्यानं गाणं म्हणती. परवा बिबट्या बांधावर बसला व्हता, आवाज ऐकून उसात गेला. पोरीनं दुधाचा थेंब सांडला न्हाई. लई धीराची!

इथं माझ्या आईचा पाय आता बरा हाय. तुमी वेळेवर जेवता ना? आरोहीला अंधार पडायच्या आत घरात घ्या.

रंग तुमच्या आवडीचा घ्या, गाडी माझ्या. शुक्रवारपर्यंत होय म्हणून कळवा. न्हाई म्हणायचं असंल, तर रोज दिवेलागणीला पोरीच्या मागं बसून तुमीच वरडत या.

अंजना