मनोरा दिसतोय का?

सोमवार, ७ जून

पोचलो एकदाचे. ट्रॅक्टर मी चालवला. गिस्बर्ट म्हणाला, गुडघा दुखतोय. गुडघा!

गुडघा ठणठणीत आहे त्याचा. डोळे गेलेत. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय — कडेचं सगळं दिसतं, समोरचं नेमकं तेवढं दिसत नाही. म्हणून चालतो नीट, बिअरचे क्रेट उचलतो, कुणाला पत्ता लागत नाही. एप्रिलमध्ये त्याच्या कोटाच्या खिशात कोब्लेन्झच्या डॉक्टरांचं पत्र सापडलं. वाचलं आणि परत खिशात ठेवलं. तेव्हापासून तो गप्प, मी गप्प.

घरी हे चाललं असतं. इथे कसं चालणार? बावीस वर्षं इथलं पावसाचं काम त्याच्याकडे आहे. गाड्यांच्या शर्यतीची रिंग पंचवीस किलोमीटरची. तिकडे पिटमध्ये, गाड्यांचे टायर बदलतात तिथे, कडक ऊन आणि आमच्या जंगलात धो धो, हे नेहमीचंच. पिटमधून इकडचं आभाळ दिसत नाही. आमच्या मचाणावरून आख्टच्या डोंगरावरचा मनोरा दिसतो. ढगाने मनोरा गिळला की बारा मिनिटांत आमच्या वळणावर पाऊस. गिस्बर्ट मोबाईल काढतो, म्हणतो, ‘मनोरा गेला.’ तिकडे पावसाचे टायर चढतात. चुकीच्या टायरवर गाडी सुटली तर मधे कुठे परतायची सोय नाही, अख्खी फेरी सरपटत यायचं. सरपटायचं भान राहिलं तर!

शनिवारी चार वाजता चोवीस तासांची शर्यत सुटते, गाडी चालवायची पहिली पाळी कोरिनाची आहे. आमची कोरिना. आणि तिच्या बापाला मनोरा दिसत नाही.

मंगळवार, ८ जून

मचाण उभं राहिलं. शिडी, ताडपत्री, जुना सोफा, सगळं वर. शेजारी तीन मीटरवर लोथारचं मचाण, मायेनचा लोथार, दरवर्षीचाच. त्याचा पुतण्या टिल कोरिनाच्याच गटात गाडी चालवतो, म्हणजे आमचा प्रतिस्पर्धीच म्हणायचा. नमस्कार चमत्कार नाहीत, खुर्ची टाकली आणि सुरू. सुटताना टाकी किती भरायची यावर दीड तास! गिस्बर्ट म्हणतो पूर्ण भरा, कोरड्यात आठ फेऱ्या निघतात, पावसात गाडी हळू जाते तर नऊ. लोथार म्हणतो अर्धीच भरा, गाडी हलकी ठेवा, पाऊस तर येणारच आहे, टायर बदलायला यावंच लागेल तेव्हा उरलेलं भरा. मग एकमेकांची अक्कल काढली. मग एकमेकांच्या मेलेल्या आयांची. मी बटाटे सोलत होते.

पूर्वी या भांडणाचं हसू यायचं. यंदा लोथारची भीती वाटते. त्याचं लक्ष असतं गिस्बर्टकडे. फार लक्ष असतं.

बुधवार, ९ जून

आज सरावाच्या फेऱ्या. मी मुद्दाम विचारलं, “मनोरा दिसतोय का रे?”

“लख्ख,” म्हणाला. मान सुद्धा वर न करता.

डोंगर कमरेपर्यंत ढगात बुडालेला होता! हातातली किटली खाली ठेवली. आता बोलावंच लागणार म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून लोथार गरजला, “डोळे फुटले का तुझे म्हाताऱ्या? मनोरा कुठाय? अजून कोरड्याच्या स्लिक टायरवरच फिरवणार का पोरीला?”

डोळे फुटले का! याला कळलंय. नक्की कळलंय, आणि हा सगळ्यांसमोर त्याची चेष्टा करतोय.

गिस्बर्टही उलटून ओरडला, की मला शिकवू नकोस, ढग काय मी बघत नाही का, उठेल पाच मिनिटांत. पण खिशातून मोबाईल काढला आणि कोरिनाला म्हणाला, “मनोरा गेला.”

बारा मिनिटांनी पाऊस आला. अगदी ठरल्यासारखा. म्हणजे बरोबर सांगितलं त्याने! कसं सांगितलं? अंदाजाने? वाऱ्यावरून? सकाळी पण बरोबर निघालं होतं. नशीब म्हणायचं. पण शनिवारी तेच नशीब राहील कशावरून?

दोन वर्षांपूर्वी याच वळणावर एक गाडी कोरड्या टायरवर पावसात सापडली होती. आमच्या डोळ्यांदेखत कुंपणात गेली. चालवणारा वाचला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

गुरुवार, १० जून, ख्रिस्ताच्या देह-उत्सवाची सुट्टी

सकाळी मिरवणुकीला खाली आडेनाउला गेले. चर्चसमोरच्या रस्त्यावर फुलांची नक्षी, एवढी सुंदर, आणि मी कशावरून चालले ते सांगता येणार नाही. मेणबत्ती लावली. काय मागायचं तेच सुचेना. गिस्बर्टचे डोळे मागू की शनिवारभर ऊन?

मग पिटमध्ये कोरिनाला भेटले. तिच्यासाठी बटाट्याचं डेपेकोखे नेलं होतं, उभ्या उभ्या बोटांनी खाल्लं तिने. हात वंगणाने काळे, चेहरा हसरा. म्हणाली टाकी पूर्ण भरून सुटणार, बाबांचंच ऐकायचं ठरलंय. मी सगळं सांगायला गेले होते. ‘कोरिना, ऐक,’ इतकंच निघालं तोंडातून.

ती म्हणाली, “काय आई, घाबरलीस? बाबा आहेत ना वर. ते असले की मला आभाळाकडे बघायला लागत नाही.”

झालं! परत आले. सांगितलं असतं तर त्याची बावीस वर्षं मी एका वाक्यात काढून घेतली असती. ईस्टरला नुसतं सुचवून बघितलं होतं, की यंदा दुसऱ्या कुणाला बसवू या का वर. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवला पण एकटाच.

आणि नाही सांगितलं, आणि काही झालं तर?

शुक्रवार, ११ जून

डोळ्याला डोळा नाही. सकाळी गिस्बर्ट ब्रेड आणायला खाली गेला तशी सरळ लोथारच्या शिडीने वर चढले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हात जोडायचेच बाकी ठेवले होते मी. म्हटलं, “तुला कळलंय ते मला माहीत आहे. टिल जिंकू दे, आम्हाला काही नको. पण त्याची टिंगल करू नकोस आणि कोरिनाला गोत्यात आणू नकोस.”

लोथारने कॉफी ओतली, माझ्यापुढे सरकवली.

“रोझी, दोन वर्षं झाली,” म्हणाला. “मी रोज सकाळपासून बोंबलतोय ते कशासाठी, तुला काय वाटतं?”

मला काहीच कळेना. मग त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लक्षात आलं, की गिस्बर्ट मनोऱ्याच्या भलत्याच बाजूला बघून बोलतोय. एकदा सरळ सांगून बघितलं, ‘अरे मनोरा गेला.’ गिस्बर्ट तडकला, मला सांगायची गरज नाही म्हणाला, आणि हट्टाने उलटाच निरोप दिला. दुसऱ्या वेळी लोथारने शिवी घातली. भांडण लागलं. भांडता भांडता गिस्बर्टने बरोबर निरोप दिला. तेव्हापासून तीच रीत.

“मदत केली की बिथरतो,” लोथार म्हणाला. “भांडलं की ऐकतो.”

मी विचारलं, त्याला माहीत आहे का तू हे का करतोस ते?

“विचारलं नाही. विचारणार पण नाही.”

आणि टिल? स्वतःचा पुतण्या त्याच गटात असताना? लोथारने कपात बघितलं. म्हणाला, गेल्या वर्षी एकदा मनात आलं होतं, आज गप्प बसावं. बसलो नाही. टिलला निरोप मीच देतो, गिस्बर्ट देतो तोच देतो, दोघांना एकच मनोरा.

मी रडले. त्याने मला टेबल पुसायचा फडका दिला, तेलकट. दुसरं काही नव्हतं त्याच्याकडे.

दुपारी दोघे पुन्हा जुंपले. हलक्या पावसाचे मधले टायर बरे की पूर्ण पावसाचे! मी ऐकत बसले. आज पहिल्यांदा नीट ऐकलं. शिव्यांच्या मधे मधे सगळं आभाळ येत होतं — ढग कुठवर आलाय, वारा फिरला का, मनोऱ्याचं टोक दिसतं की पायथा. दोन महिन्यांनी पोटभर जेवले.

शनिवार, १२ जून, सकाळ

लोथारला नेलं.

सहा वाजता शिडीखाली सापडला, पोट धरून, पांढराफटक. मूतखडा असावा म्हणाले. रुग्णवाहिकेवाल्यांनी आडेनाउच्या दवाखान्यात नेलं. बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. गिस्बर्ट त्याचा हात धरून गाडीपर्यंत गेला आणि मग दार बंद झाल्यावरही तिथेच उभा.

आता? दहा तास आहेत.

अकरा वाजता

मनोरा लख्ख. मी विचारलं नाही, मीच बघितला.

दीड वाजता

गिस्बर्ट कुणाशी बोलत नाही. पलीकडच्या पोरांनी विचारलं, आजोबा, आज काय, स्लिक का? त्यांच्याकडे न बघता मान हलवली. ती पोरं खूश.

मोबाईल एकच, त्याच्या शर्टाच्या खिशात. काढून घेऊ? इतक्या लोकांत झोंबाझोंबी? की वळणावरच्या झेंडेवाल्या पहारेकऱ्याला सांगू, पिटला कळवा म्हणून? तो विचारेल तुम्ही कोण. मी कोण! मी बटाटे सोलणारी. हळूच कानात सांगितलं तर बिथरेल आणि उलटं सांगेल, लोथारने सांगितलंच आहे. ऊन टिकू दे. फक्त तिची पाळी संपेपर्यंत टिकू दे. पश्चिमेकडून वारा सुटलाय.

अडीच

अजून लख्ख.

पावणेचार

साडेतीनला इतकं ऊन होतं की लोक शर्ट काढून बसले होते. लाउडस्पीकरवर सांगत होते, सगळ्या गाड्या स्लिकवर. गिस्बर्टने मोबाईल काढला, लोथारच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं आणि थांबला. मी वर बघितलं. मनोरा अर्धा होता. बघता बघता तोही गेला.

मी ओरडले. काय काय ओरडले देव जाणे! “अरे मूर्खा, मनोरा कुठाय? पायथ्यासकट गेलाय! पोरगी स्लिकवर सुटणार, वर टाकी गच्च भरलेली, उतारावर थांबेल का ती गाडी? मधले पण चालणार नाहीत, पूर्ण पावसाचे घाला म्हणावं!” सगळी मचाणं माझ्याकडे बघत होती.

“तुला काय कळतं टायरमधलं?” तो म्हणाला. आवाज बारीक.

“बावीस वर्षं दुसरं ऐकलंय काय मी?”

त्याने बटण दाबलं. मी ऐकत उभी राहिले.

“कोरिना, पूर्ण पावसाचे घाल. हो, तिकडे ऊन आहे, माहीत आहे. नाही गं, मी नाही बघितला. मला तो दोन वर्षं दिसत नाही. आईने बघितलाय.”