एअर फिल्टरच्या झाकणावरची पाच बोटं

कुरवंडे. रविवार, संध्याकाळ.

जुन्या गाडीचं बॉनेट उघडून आज एअर फिल्टरचं गंजलेलं झाकण काढलं आणि पॉलिश पेपरने घासायला बसलो. चार लाल ठिपके घासून गेले, पाचव्याशी आलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ही तर आईची बोटं! दसऱ्याला सगळे बॉनेटवर कुंकू लावतात, आई मात्र बॉनेट उघडायला लावून आत लावायची. तेलात कालवलेलं कुंकू, तेही गरम झाकणावर, म्हणून इतकी वर्षं टिकलं. पक्षाघातानंतर तिला उजवा हात उचलवत नाही. आता ती बोटं कुठून आणू? पाचवं तरी ठेवावं का? पॉलिश पेपर बाजूला ठेवला.

ओट्यावर बसलेली आई बघत होती. म्हणाली, "घास की. देव काय रंगात न्हाई, इंजिनात हाय."

मग सगळंच घासलं. काळा रंग मारला, उन्हात वाळवला आणि झाकण तिच्या मांडीवर ठेवलं. तिने डाव्या हाताने कुंकवाची बोटं उठवली. वाकडीतिकडी, आणि चारच.

"पाचवं?" मी विचारलं.

ते तिने माझ्या कपाळाला लावलं. "तू बी जुनाच झालास की रं."

अजून पुसलेलं नाही.