सोमवारी घरी

३ नोव्हेंबर, सोमवार
आले एकदाची नव्या ड्युटीवर! शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांचा वॉर्ड म्हणजे सगळे सुतकी चेहऱ्याचे असणार, असं वाटलं होतं. इथे तर थट्टामस्करी चालू. मोठ्या सिस्टरांनी आल्या आल्या बजावलं, इथे गोड बोलून वेळ मारून न्यायची नाही. कुणी विचारलं तर शेजारी बसून, हळू आवाजात, खरं सांगायचं. खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपी आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माझा ढगळ कोट बघून म्हणाले, कुणाचा मागून आणला? मग खांद्यावर खडूने खूण केली. घरी गेलो की मापात करून देतो म्हणाले.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मास्तरांनी सरळ विचारलं, किती दिवस उरलेत? बायकोशी एक बोलायचं राहिलंय. वेळ नसेल तर आजच बोलतो, असेल तर घरी निवांत. रिपोर्ट मला पाठ होता. पण त्यांची बायको, आमच्या काकू, थर्मास घेऊन दारातच उभ्या, माझी जीभच रेटेना. म्हटलं, सोमवारी घरीच जाताय की! मास्तर खूश. चपला खाटेखाली नीट लावून ठेवल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार
मास्तर सकाळी गेले. काकू रडल्या नाहीत. तुम्ही तर सोमवार म्हणाला होता, एवढंच म्हणाल्या. जाताना काही बोलले का, असं विचारलं. मी नाही म्हणाले. माझ्या भरवशावर त्यांनी ते राखून ठेवलं होतं, हे कोणत्या तोंडाने सांगू? शरम वाटते. सिस्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
कोट धुतला. खांद्यावर खडूची खूण आहेच. पुसली की जाते, अंगात घातला की पुन्हा — आणि रिकाम्या खाटेखाली चपला. त्या तर काकू घेऊन गेल्या होत्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
भर दुपारी मास्तर खाटेवर. पिशवी मांडीवर. सिस्टरांना दिसत नाहीत. मला म्हणाल्या, चार दिवस रजा घे. आपण गेलोय हे मास्तरांना ठाऊकच नाही. सांगायचं होतं ते मी —

१६ नोव्हेंबर, रविवार
आज सांगायचंच ठरवलं. शेजारी बसले. हळू आवाजात. मास्तर, तुम्ही — त्यांनी इतक्या आशेने बघितलं. आणि मी पुन्हा तेच. उद्या सोमवार. घरी.

१७ नोव्हेंबर, सोमवार
खाट रिकामी. चपला नाहीत.

काकूंचा फोन. दार वाजतंय. आवाज त्यांचाच. बोलायचं राहिलंय म्हणतायत. उघडू का, तुम्ही सांगाल तसं करते —

फोन कानाशी धरून लिहितेय. ते वारलेत काकू, उघडू नका. एवढंच म्हणायचंय. एवढंच. ठोठावणं मलाही ऐकू येतंय. तोंड उघडते आणि — काही काळजी करू नका, सगळं ठीक —